गल्लीतील वाहनांचा वेग आणि नागरिकांचे कर्तव्य

प्रत्येक पेठेत, आळीत आणि नव्या वसाहतीत आज एक तक्रार सार्वत्रिक झाली आहे. गल्लीतून वाहने भरधाव जातात; मुलांना अंगणाबाहेर सोडण्याची भीती वाटते; वृद्ध माणसांना देवळापर्यंत चालत जाणेही धोक्याचे झाले आहे. ह्या तक्रारीवर एकच उपाय बहुतेकांना ठाऊक असतो, आणि तो म्हणजे दारासमोर गतिरोधक! मागणी रास्त आहे. परंतु रोगाचे निदान होण्यापूर्वीच औषध मागावे, तसे येथे घडते. म्हणून प्रथम वेगाचे स्वरूप, मग रस्त्याची बांधणी आणि शेवटी नागरिकांच्या मंडळांचे काम, अशा क्रमाने ह्या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ८ मीटर अंतर तोडते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी सुमारे १४ मीटर. संकट डोळ्यांना दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही सुमारे एक सेकंद लागतो. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर, ब्रेक उत्तम असले तरी, पहिली मोटार आणखी ५ मीटर आणि दुसरी आणखी १४ मीटर गेल्यावर थांबते. म्हणजे एकीला थांबण्यास एकूण १३ मीटर पुरतात, तर दुसरीला २८ मीटर लागतात. आता असे समजा की, चेंडूमागे धावणारे एक मूल १५ मीटरांवर अचानक रस्त्यात आले. पहिली मोटार त्याच्या अलीकडे थांबेल. दुसरीचा ब्रेक लागण्यास सुरुवात होते न होते तोच ती मुलापर्यंत पोचलेली असेल, आणि तीही जवळजवळ पूर्ण वेगाने. शिवाय आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ५० च्या वेगाचा आघात ३० च्या वेगाच्या पावणेतीनपट असतो. २०२० साली स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेने, जेथे माणसे व वाहने एकत्र वावरतात तेथे ताशी ३० किलोमीटर ही मर्यादा असावी असे जे म्हटले, त्याच्या मुळाशी हेच गणित आहे.

मग मर्यादेची पाटी लावली की काम झाले, असे कोणी म्हणेल. परंतु चालक पाटी वाचून वेग ठरवीत नाही. तो रस्ता पाहून ठरवतो. रस्ता रुंद, सरळ आणि गुळगुळीत असला की पाय आपोआप दाबला जातो. वळण, अरुंदपणा, झाडी, माणसांची वर्दळ दिसली की तो आपोआप सैल होतो. गल्लीचे काँक्रिटीकरण झाल्यावर सारे आनंदतात, आणि पुढे महिन्याभरात वेगाची तक्रार सुरू होते, ह्याचे कारण हेच. १९६३ साली ब्रिटनमध्ये कॉलिन ब्यूकॅनन ह्यांच्या नेतृत्वाखाली शहरांतील वाहतुकीवर जो प्रसिद्ध अहवाल निघाला, त्यात शहराची तुलना इमारतीशी केली आहे. आपण ती आपल्या वाड्याला लावून पाहू. वाड्यात जाण्यायेण्याची वाट वेगळी आणि बसण्याउठण्याच्या खोल्या वेगळ्या. माजघरातूनच साऱ्या गावाची ये-जा सुरू झाली, तर त्या घरात कोणाला स्वस्थता लाभेल? हमरस्ते ही शहराची वाट होय. राहत्या गल्ल्या ही माजघरे होत.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे आणावे, ह्याचा धडा हॉलंडने घालून दिला. तेथे १९७१ च्या सुमारास वर्षाला तीन हजारांवर माणसे रस्त्यांवर मरण पावत, आणि त्यांत चारशेहून अधिक मुले असत. ज्या पत्रकाराची स्वतःची मुलगी अशा अपघातात दगावली होती, त्याने १९७२ मध्ये 'बालहत्या थांबवा' अशा मथळ्याचा लेख लिहिला आणि त्यातून त्याच नावाची लोकचळवळ उभी राहिली. त्याआधीच, १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, डेल्फ्ट गावात एक नवा प्रयोग सुरू झाला होता. राहत्या गल्ल्यांत पदपथ आणि रस्ता हा भेद काढून टाकला. मध्येच झाड, मध्येच बाक, वाहने उभी करण्याच्या जागा कधी ह्या बाजूला तर कधी त्या बाजूला, अशी मांडणी केली. सरळ वाट नाहीशी झाली. मोटारीला बंदी नाही, पण तिने पाहुण्यासारखे चालीच्या वेगाने यावे! ह्या रचनेला 'वोनेर्फ', म्हणजे राहते अंगण, असे नाव पडले, आणि १९७६ मध्ये तिला कायद्याची मान्यता मिळाली.

आता आपल्या गतिरोधकाकडे वळू. नोबेल पारितोषिक मिळविणारे पदार्थवैज्ञानिक आर्थर कॉम्प्टन ह्यांनी १९५३ साली अमेरिकेत आपल्या विद्यापीठाच्या आवारासाठी असा उंचवटा आखला होता, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. उंचवट्याची आखणी हा खरोखरच शास्त्राचा विषय आहे. आखूड आणि उभा उंचवटा असला तर सावकाश जाणाऱ्याला जोराचा धक्का बसतो. उलट वेगाने जाणाऱ्या मोटारीच्या स्प्रिंगा तो बराचसा गिळून टाकतात. सज्जनाला शिक्षा आणि उद्धटाला सूट, असा हा न्याय झाला. म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ च्या मार्गदर्शिकेत ३.७ मीटर लांबीचा, केवळ १० सेंटिमीटर उंचीचा गोलसर उंचवटा सुचविला. तो ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखाने ओलांडता येतो. त्याहून अधिक वेगाने गेल्यास मात्र त्रास होतो. त्यावर काळेपांढरे पट्टे असावेत आणि ४० मीटर अलीकडे सूचनेची पाटी असावी, असेही तीत सांगितले आहे. उत्साही मंडळी रात्रीतून सिमेंटचा जो उंचवटा घालतात, त्याला ना मोजमाप, ना रंग. अंधारात दुचाकीस्वार त्यावरून फेकला जातो, रुग्णवाहिकेतील रोग्याचे हाल होतात, पावसाळ्यात पाणी तुंबते, आणि हे करण्याचा अधिकारही त्या मंडळींना नसतो.

येथे नागरिकांच्या मंडळाचे खरे काम सुरू होते. सर्वांत अवघड प्रश्न असा की, आपल्या गल्लीतून हटविलेली वाहने जातात कोठे? चार गतिरोधक घालून एका आळीने शांतता मिळविली, तर तीच वर्दळ शेजारच्या आळीत शिरते. आणि ती आळी बहुधा अशी असते की, जिच्या रहिवाशांना अर्ज कोठे द्यावा हेही ठाऊक नसते. आमच्या मते अशी शांतता ही शेजाऱ्याच्या माथी मारलेली गैरसोय होय. म्हणून दोन हमरस्त्यांमधला सारा भाग एकत्र घेऊनच विचार केला पाहिजे.

ह्याची रीत कठीण नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ सर्व गल्ल्यांतील वाहने मोजावीत. त्यांपैकी रहिवाशांची किती आणि नुसती वाट जवळची म्हणून शिरणारी किती, हे पाहावे. शाळा, दुकानदार, रिक्षावाले आणि अग्निशामक दल ह्यांचे म्हणणे ऐकावे. मग नगरपालिका व वाहतूक पोलीस ह्यांच्या संमतीने, हलविता येतील अशा कुंड्या ठेवून महिनाभर अरुंद वाट किंवा वळण करून पाहावे आणि पुन्हा मोजणी करावी. उपाय लागू पडला, शेजारी वर्दळ वाढली नाही, तरच तो पक्का करण्याची मागणी करावी. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे. आकडे हाती घेऊन तेथे जाणाऱ्या मंडळाचे म्हणणे डावलणे सोपे नसते.

एक गोष्ट ह्या मोजणीतून अनेकदा निघते, आणि ती स्वीकारण्याचे धैर्य हवे. गल्लीत भरधाव जाणाऱ्यांत गल्लीतीलच मंडळी थोडी नसतात. आपल्या दारात सावकाश आणि दुसऱ्याच्या दारातून वेगाने, हे दोन्ही एकाच माणसाला साधते. तेव्हा आपल्या मुलांसाठी जो वेग आपण मागतो, तोच दुसऱ्याच्या गल्लीत शिरताना आपण पाळला पाहिजे. मंडळाच्या ठरावात पहिले कलम हे असावे. गतिरोधकाचे कलम त्यानंतर.