गळाला लागलेला मासा कच्चा खावा का?

सुट्टीच्या दिवशी कोकणच्या खडकांवर गरवायला आता शहरातली हौशी मंडळीही येतात. सुशी-साशिमीची चव माहीत झालेली असते, हातातला मासा अजून तडफडत असतो आणि तिथेच कापून खाण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. मासा ताजा असणे वेगळे आणि कच्चा खाण्याजोगा असणे वेगळे.

गैरसमज: नुकताच पकडलेला मासा कच्चा खायला सर्वांत सुरक्षित.
वस्तुस्थिती: ताजेपणाने कुजण्याचा धोका टळतो, जंतांचा नाही. अनिसाकिस या कृमीच्या दोन-तीन सेंटीमीटर लांबीच्या अळ्या बांगड्याच्या जातीचे मासे, हेरिंग, म्हाकूल यांच्या अंगात मुळातच असू शकतात. मासा मेल्यावर काही अळ्या आतड्यांतून मांसात शिरतात, म्हणून पोट लवकर साफ करणे चांगले. पण मांसात आधीच असलेल्या अळ्या त्याने जात नाहीत. जिवंत अळी माणसाच्या जठराच्या अस्तरात घुसली की काही तासांत तीव्र पोटदुखी आणि उलट्या सुरू होतात. अनेकदा दुर्बीण घालून ती काढावी लागते. नेदरलँड्समध्ये हलके मीठ लावलेल्या हेरिंगमुळे होणारा हा आजार 1960 मध्ये उजेडात आला आणि 1968 मध्ये तिथे हेरिंग गोठवणे कायद्याने सक्तीचे झाले.

गैरसमज: स्वच्छ समुद्रातल्या माशात जंत नसतात.
वस्तुस्थिती: हे जंत घाणीतून येत नाहीत. पूर्ण वाढलेला अनिसाकिस देवमासे आणि डॉल्फिन यांच्या जठरात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात येतात, अळ्या कोळंबीसारख्या बारीक जीवांत शिरतात आणि त्यांना खाणाऱ्या माशांत पोचतात. जीवसृष्टीने भरलेल्या निरोगी समुद्रातही हे चक्र चालूच असते.

गैरसमज: लिंबू, व्हिनेगर किंवा वसाबीने जंत मरतात.
वस्तुस्थिती: लिंबाने मांस शिजल्यासारखे पांढरे दिसते, अळी मात्र जिवंत राहते. व्हिनेगरमध्ये ती कित्येक दिवस तग धरते. स्पेनमध्ये व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या अँकोव्हीमुळे इतके रुग्ण झाले की 2006 पासून हॉटेलांना असा मासा आधी गोठवावाच लागतो.

गैरसमज: घरच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवला की झाले.
वस्तुस्थिती: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा निकष उणे 20 अंश सेल्सियस किंवा त्याखाली 7 दिवस, अथवा उणे 35 अंशांवर घट्ट गोठवून त्याच तापमानात 15 तास असा आहे. घरचा फ्रीजर साधारण उणे 18 अंशांवर चालतो, दार उघडले की तापमान चढते आणि जाड तुकड्याचा गाभा गोठायला वेळ लागतो. शिवाय गोठवण्याने जंत मरतात. सगळे जिवाणू मरत नाहीत.

गैरसमज: कुपा बिनधास्त कच्चा खावा.
वस्तुस्थिती: पिवळ्या परांच्या कुप्यासारख्या काही मोठ्या ट्यूनांना त्याच निकषात गोठवण्यापासून सूट आहे, कारण त्यांत जंतांचा धोका कमी असतो. स्किपजॅक ट्यूना मात्र या सवलतीत नाही. दुसरा धोका हिस्टामिनचा. कुपा, सुरमई, बांगडा, तारली उन्हात पडून राहिले की जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. मग चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगावर पुरळ उठते. हे हिस्टामिन शिजवून जात नाही, गोठवूनही नाही. मासा पाण्याबाहेर येताच बर्फात दाबणे हाच उपाय.

गैरसमज: नदी-तळ्यातला मासाही तसाच चालतो.
वस्तुस्थिती: गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाऊच नये. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशांच्या 'कोई प्ला' या पदार्थातून यकृतातला एक चपटा कृमी शरीरात जातो आणि वर्षानुवर्षे राहिल्यास पित्तनलिकेचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्ये त्याला कर्करोगकारक ठरवले. सिंगापूरमध्ये 2015 साली गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशांतून स्ट्रेप्टोकोकस जिवाणूची साथ पसरली, तेव्हा सरकारने हॉटेलांत असे मासे कच्चे वाढण्यावर बंदी घातली. मरळीसारख्या माशांत ग्नॅथोस्टोमा हा कृमीही आढळतो. तो माणसाच्या त्वचेखाली, क्वचित डोळ्यांत आणि मेंदूतही सरकतो.

मग कच्चे काय खावे?
ठरलेल्या तापमानाला गोठवलेला समुद्री मासा, किंवा तयार खाद्यावर वाढवलेला शेतीतला सॅमन. तोही कुठून आला आणि कसा साठवला हे सांगू शकणाऱ्या विक्रेत्याकडूनच. जपानमध्येही रानटी सॅमन पूर्वापार कच्चा खात नसत. शेतीतला नॉर्वेजियन सॅमन आल्यावर तो सुशीत रुळला. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हेही टाळावे.

आपल्या गळाला लागलेला तांबोशी किंवा गोब्रा शिजवूनच खावा. आतले तापमान 63 अंशांवर गेले, मांस अपारदर्शक होऊन सहज सुटू लागले की जंतांची भीती उरत नाही. आणि कधी कच्चा मासा खाऊन पोटात कळा आल्याच, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात तेच सांगा. निदान लवकर होते.