पेंड वाढवली, अंडे वाढले नाही!

आमचा धंदा कापडाचा. पण भागीदारीत अंड्यांच्या कोंबड्यांची एक शेडही आहे. मागे अंडी बारीक पडू लागली. प्रथिने कमी पडत असतील म्हणून आम्ही खाद्यात शेंगदाणा पेंड वाढवली. खर्च वाढला, शेडमध्ये अमोनियाचा उग्र वास सुटला, अंडे मात्र तसेच!

पशुवैद्यकांनी समजावले तेव्हा चूक उमगली. प्रथिने अमिनो आम्लांची बनतात. लेयर कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. त्यात १७ टक्के प्रथिने म्हणजे १८-१९ ग्रॅम. हे झाले वजन, पण आतला माल कोणता? मका आणि सोयापेंडीच्या खाद्यात आधी मेथिओनिन कमी पडते, मग लायसिन. शेंगदाणा पेंडीत तर दोन्ही कमी.

मागावर चाररंगी कापड असेल आणि लाल सुताच्या कांड्या संपल्या, तर बाकीच्या कितीही असोत, माग थांबतो. कोंबडीचेही तसेच. कामी न आलेली प्रथिने युरिक आम्ल होऊन विष्ठेतून जातात. त्याचाच अमोनिया होतो. म्हणजे पैसा उकिरड्यावर!

आम्ही शेंगदाणा पेंड कमी केली, सोयापेंड घेतली आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने टनाला दीड किलो डीएल-मेथिओनिन मिसळले. काही आठवड्यांत अंड्याचे वजन सुधारले.

तेव्हा शेडवाल्या भावांनो, खाद्य घेताना नुसता प्रथिनांचा टक्का विचारू नका. मेथिओनिन किती, लायसिन किती, हेही विचारा. सूत न तपासता मीटरच्या भावावर कापड घेणारा फसतोच.