स्वीकारलेले आव्हान

२३ ऑक्टोबर १९१८ रोजी न्यूयॉर्क येथील एका स्पर्धेत दोन नामांकित बुद्धिबळपटू पटासमोर बसले. पांढरी मोहरी क्यूबाच्या होसे राउल कापाब्लांकाकडे होती. काळी अमेरिकेचा विजेता फ्रँक मार्शल याच्याकडे. १९०९ च्या सामन्यात कापाब्लांकाने आठ डाव जिंकून व केवळ एक गमावून मार्शलला हरविले होते. ते शल्य त्याच्या मनात राहिले असल्यास नवल नाही.

प्रारंभ जुन्या वळणाचा होता. दोन्ही राजांपुढील प्यादी दोन दोन घरे पुढे आली. पांढऱ्या घोड्याने काळ्या प्याद्यावर रोख धरला, काळ्या घोड्याने त्यास आधार दिला. तेव्हा पांढऱ्या उंटाने त्या आधारावरच नजर रोखली. रुई लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने १५६१ साली आपल्या ग्रंथात या मांडणीची चर्चा केली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात पांढरा सावकाश दाब वाढवीत नेतो आणि काळ्याला दीर्घकाळ सोसावे लागते.

सोसणे मार्शलच्या स्वभावात नव्हते. आठव्या चालीस त्याने वजिरापुढील प्यादे दोन घरे ढकलले आणि राजापुढील प्यादे जवळजवळ शत्रूच्या हाती दिले. एक प्यादे जावे, पण तेवढ्या वेळात आपली मोहरी पांढऱ्या राजाभोवती जमावीत, हा त्यातील हिशेब. कापाब्लांका विचारात पडला. प्रतिपक्षाने या चालींचा रात्रंदिवस अभ्यास केला असणार, हे त्याने ओळखले. तरीही हे आपल्या निर्णयशक्तीलाच आव्हान आहे असे मानून त्याने ते प्यादे घेतले. तसे त्याने पुढे लिहूनही ठेवले आहे.

मग वादळ उठले. काळा घोडा चक्क पांढऱ्या प्याद्याच्या तोंडी जाऊन बसला! त्याला मारताच काळा वजीर राजावर तुटून पडला असता. कापाब्लांकाने त्याला हात लावला नाही. पुढे चार शह आले, आणि प्रत्येक शहास राजा एकेक पाऊल टाकीत पटाच्या दुसऱ्या बाजूस निघून गेला. या वेळी वजिराच्या बाजूचे त्याचे घोडा व हत्ती मूळ घरांतून हललेही नव्हते. हल्ला ओसरल्यावर ते बाहेर पडले, एक प्यादे वजीर होण्याच्या उंबरठ्यावर पोहोचले आणि छत्तिसाव्या चालीस कापाब्लांका विजयी झाला.

मार्शलची कल्पना मात्र टाकाऊ ठरली नाही. अकराव्या चालीस घोडा मागे घेण्याऐवजी वजिराच्या उंटापुढील प्यादे एक घर सरकवावे, ही सुधारणा पुढे रूढ झाली. १९६५ साली बोरिस स्पास्कीने मिखाईल तालविरुद्ध हेच शस्त्र उपसले.