कुवेत : वाळू, पाणी आणि तेल

‘आखातात गेला’ एवढे म्हटले की आपल्याकडे पुढचे काही सांगावे लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील आणि गोव्यातील कित्येक गावांत आखातातून आलेल्या पैशावर घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, मुलांची शिक्षणे झाली. पण तो मुलूख आहे कसा, तेथे पिण्याचे पाणी कोठून येते, तेल निघण्यापूर्वी तेथील माणसे कशावर जगत होती, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना नीट उत्तर देता येत नाही. भूगोलाच्या तासाला आपण ‘उष्ण वाळवंटी प्रदेश’ हे प्रकरण पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरून जातो.

प्रस्तुत लेखात अशाच एका देशाची, कुवेतची, ओळख करून घेऊ. या चिमुकल्या देशाच्या भूगोलात आणि इतिहासात एक सूत्र सतत आढळते. जगण्याला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू त्याला बाहेरून आणावी लागली आहे. तेलामुळे देश श्रीमंत झाला हे खरे, परंतु त्याचे परावलंबन संपले नाही, त्याचे केवळ रूप पालटले. हे कसे घडले ते क्रमाने पाहू.

भूमी आणि हवामान

इराणच्या आखाताच्या अगदी वरच्या टोकाला, इराक आणि सौदी अरेबिया यांच्या कोंदणात कुवेत वसला आहे. क्षेत्रफळ अवघे १७,८१८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यापेक्षा थोडेसेच अधिक. जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे समुद्राच्या दिशेने हळूहळू उतरत जाते. डोंगर असे नाहीतच. देशात बारमाही नदी एकही नाही, नैसर्गिक सरोवरही नाही. वर्षाकाठी सरासरी पाऊस शंभर ते सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही हिवाळ्यात आणि लहरी. माण-खटावसारख्या आपल्या दुष्काळी तालुक्यांतही याच्या सुमारे चौपट पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे तेथील कोरडेपणाची कल्पना येते.

उन्हाळा तर असह्यच. वायव्येकडून ‘शमाल’ नावाचा वारा सुटतो आणि धुळीने दिवसाढवळ्या अंधारून येते. २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. जागतिक हवामान संघटनेने पडताळून मान्य केलेल्या, पृथ्वीवरील अत्युच्च तापमानांपैकी ही एक होय. उलट हिवाळ्यातील रात्री चांगल्याच गार असतात. थोडा पाऊस झाला की वाळवंटात गवत आणि अर्फज नावाची पिवळ्या फुलांची झुडपे उगवतात. पूर्वी बदाऊनी टोळ्या उंट आणि शेळ्यामेंढ्या घेऊन या चाऱ्यामागे फिरत असत.

या उजाड भूमीला निसर्गाने एक देणगी मात्र दिली होती. ती म्हणजे कुवेतचा उपसागर. आखाताच्या वरच्या भागात जहाजांना इतका चांगला आसरा क्वचितच मिळतो. अठराव्या शतकात मध्य अरबस्तानातून आलेल्या बनी उतूब या समूहातील घराण्यांनी येथे वस्ती केली. ‘कूत’ म्हणजे किल्ला आणि ‘कुवेत’ म्हणजे छोटा किल्ला. याच वस्तीत अल्-सबाह घराण्याकडे प्रमुखपद आले आणि ते आजतागायत त्या घराण्याकडे आहे.

मोती, खजूर आणि रुपया

तेलापूर्वीचा कुवेत वाळवंटाकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून जगत होता. त्याची उपजीविका मुख्यतः दोन गोष्टींवर चाले : मोती आणि सागरी व्यापार.

उन्हाळ्याचे सुमारे चार महिने शेकडो गलबते मोती काढण्यासाठी आखातात जात. पाणबुड्या नाकाला चिमटा लावी, पायाला दगड बांधून तळाशी जाई, गळ्यातील टोपलीत शिंपले गोळा करी आणि दोरीला हिसका देताच वरचा माणूस त्याला ओढून घेई. दिवसभरात अशा कित्येक बुड्या माराव्या लागत. या धंद्याची खरी कहाणी मात्र त्याच्या हिशेबात आहे. हंगामापूर्वी नाखवा पाणबुड्याला उचल देई, नाखवा स्वतः व्यापाऱ्याचा ऋणी असे. मोती विकल्यावर उचल फिटली तर फिटली, नाहीतर बाकी पुढच्या हंगामाच्या माथी. बापाचे कर्ज मुलाच्या डोक्यावर येई आणि ते फेडायला मुलगाही समुद्रात उतरे. आपल्याकडील सावकारी पाशाची माहिती असणाऱ्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

हे मोती विकले जात ते बहुतांशी मुंबईच्या बाजारात. कुवेतच्या बड्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. शरद ऋतूत कुवेतची ‘बूम’ जातीची जहाजे शत्त अल्-अरब नदीवर बसऱ्याचा खजूर भरीत आणि मोसमी वाऱ्यांचा फायदा घेऊन कराची, मुंबई, मलबार किंवा पूर्व आफ्रिकेचा किनारा गाठीत. परतताना तांदूळ, कापड, मसाले आणि लाकूड आणीत. जहाज कुवेतचे, पण त्याचे सागवान मलबारचे! चलनाचीही तीच गोष्ट. कुवेतच्या बाजारात रुपयाच चाले. सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. १९६१ मध्ये कुवेती दिनार आला, तेव्हाच तेथील रुपयाचा अंमल संपला.

पिण्याचे पाणीसुद्धा विकत आणावे लागे. गावच्या विहिरी पुरत नसत म्हणून शत्त अल्-अरबचे गोडे पाणी गलबतांतून भरून आणीत आणि शहरात ते घरोघर विकले जाई.

१९२० नंतर या जीवनावर एकामागून एक आघात झाले. जपानमध्ये कृत्रिम रीतीने पोसलेले मोती बाजारात आले, त्यात १९२९ ची जागतिक मंदी आली आणि मोत्यांचा धंदा कोसळला. १९२२ च्या उकैर परिषदेत ब्रिटिश अधिकारी सर पर्सी कॉक्स यांनी सरहद्दी आखताना कुवेतचा बराच मुलूख इब्न सौदकडे दिला. १८९९ पासून ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली असलेल्या शेखांना ते मुकाट्याने सोसावे लागले.

बुरगानची विहीर

अशा पडत्या काळात, डिसेंबर १९३४ मध्ये शेख अहमद अल्-जाबिर यांनी कुवेत ऑइल कंपनीला तेलाचा शोध घेण्याचा परवाना दिला. ही कंपनी निम्मी ब्रिटिश आणि निम्मी अमेरिकन भांडवलाची होती. उत्तरेकडे बहरा येथील पहिली विहीर निष्फळ ठरली. मग दक्षिणेला, जेथे जमिनीवर डांबर पाझरताना लोकांनी पूर्वापार पाहिले होते, त्या बुरगान भागात खोदाई झाली आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये हजार मीटरहून थोड्या अधिक खोलीवर तेल लागले. सौदी अरेबियातील घवार सोडले तर जगातील सर्वांत मोठे तेलक्षेत्र ते हेच.

पण महायुद्ध आले आणि १९४२ मध्ये विहिरी सिमेंटने बुजवून टाकाव्या लागल्या. पहिले तेल परदेशी गेले ते ३० जून १९४६ रोजी. येथे भूगोलाने कुवेतला पुन्हा साथ दिली. बुरगानजवळ अहमदीची उंचवट्याची जागा आहे. तेथील टाक्यांत साठवलेले तेल केवळ उताराने वाहत बंदरातील जहाजांत जाऊन पडते. तेल उथळ, विपुल आणि समुद्राजवळ असल्यामुळे ते काढण्याचा खर्च फार कमी येतो.

पुढचा बदल एका पिढीत घडला. १९५० मध्ये गादीवर आलेले शेख अब्दुल्ला अल्-सालिम यांनी शाळा, दवाखाने, रस्ते यांवर पैसा ओतला. १९५३ मध्ये समुद्राचे पाणी ऊर्ध्वपातनाने गोडे करण्याचा कारखाना सुरू झाला आणि गलबतांच्या पाण्याची गरज संपली. १९५७ मध्ये शहराची जुनी मातीची तटबंदी पाडली. १९ जून १९६१ रोजी देश स्वतंत्र झाला, १९६२ मध्ये राज्यघटना झाली. १९६० मध्ये बगदादला ‘ओपेक’ स्थापन झाली तिच्या पाच संस्थापकांत कुवेत होता. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांतच पिंपामागे सुमारे ३ डॉलरचा भाव १२ डॉलरच्या घरात गेला. त्या भाववाढीची झळ आपल्याकडच्या स्टोव्हपर्यंत पोहोचली होती, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. १९७५ मध्ये कुवेतने तेल कंपनी पूर्णपणे आपल्या मालकीची केली.

कुवेत शहराचे आजचे मानचिन्ह म्हणजे १९७९ मध्ये लोकांसाठी खुले झालेले तीन मनोरे. परदेशी पाहुण्याला ते शोभेचे वाटतात. वस्तुतः त्यांतील दोन मनोऱ्यांच्या गोलांत पाणी साठवलेले असते. जगाने ज्याला तेलाचा देश म्हणून ओळखले, त्याने आपली खूण म्हणून पाण्याची टाकी निवडली, ही गोष्ट बोलकी आहे.

राबणारे हात

तेलाने पाणी दिले, पण माणसे दिली नाहीत. २०२४ च्या सुमारास कुवेतची लोकसंख्या ४९ लाखांच्या आसपास होती आणि त्यांत कुवेती नागरिक एक तृतीयांशाहूनही थोडे कमी होते. उरलेले सारे बाहेरचे. त्यांत भारतीय सर्वांत अधिक, सुमारे १० लाख. शिवाय ज्यांना कोणत्याच देशाचे नागरिकत्व नाही असे ‘बिदून’ लोक सुमारे एक लाख आहेत. त्यांतील कित्येकांच्या दोन-तीन पिढ्या तेथेच गेल्या आहेत.

नागरिकांना शिक्षण आणि औषधोपचार मोफत आहेत, वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही, बहुसंख्य नोकरदार नागरिक सरकारी नोकरीत आहेत. इमारती बांधणे, गाड्या चालवणे, स्वयंपाक, धुणीभांडी, रुग्णांची शुश्रूषा ही कामे बहुतांशी परदेशी माणसे करतात. परदेशी कामगाराचे तेथील वास्तव्य ‘कफील’ म्हणजे जामीन राहणाऱ्या मालकाशी जोडलेले असते. मालक भला असेल तर प्रश्न नाही. नसेल तर नोकरी सोडणेही अवघड होते. घरकाम करणाऱ्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले ते २०१५ मध्ये. येथून जाण्यासाठी एजंटाला पैसे मोजताना काढलेले कर्ज तेथे पहिली दोन वर्षे राबून फेडायचे, ही रीत पाहिली की मोत्यांच्या पाणबुड्याची उचल आठवल्यावाचून राहत नाही. बुडी मारणारा तेवढा बदलला.

१२ जून २०२४ च्या पहाटे मंगफ भागात कामगारांच्या राहत्या इमारतीला आग लागली. सुमारे पन्नास माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील किमान ४५ भारतीय होती. एकेका खोलीत दाटीवाटीने राहून घरी पैसे धाडणारी ही माणसे होती.

आगीतून गेलेला देश

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि काही तासांत देश बळकावला गेला. त्या वेळी तेथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. वाळवंट ओलांडून जॉर्डनच्या अम्मान शहरी पोहोचलेल्या एक लाखाहून अधिक लोकांना एअर इंडियाच्या विमानांनी मायदेशी आणले. त्यांतील अनेकांची वर्षानुवर्षांची कमाई तेथेच राहिली.

फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस इराकी फौजा हटल्या, पण जाताना सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवून गेल्या. भर दुपारी आकाश काळे झाले. वाळवंटात तेलाची तळी साचली. आखातात सोडलेल्या तेलाचा तवंग पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यांच्या तोंडाशी जातो की काय, अशी धास्ती होती. ज्या तेलाने पाणी दिले तेच पाणी तोडणार अशी ही वेळ! शेवटची विहीर विझली ती ६ नोव्हेंबर १९९१ रोजी.

या युद्धाचा फटका सर्वांना सारखा बसला नाही. युद्धापूर्वी कुवेतमध्ये सुमारे चार लाख पॅलेस्टिनी राहत होते. तेथील शाळा, कचेऱ्या, रुग्णालये उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या नेत्यांनी इराकची बाजू घेतली असे मानले गेल्यामुळे त्यांतील बहुतेकांना देश सोडावा लागला. तीस-चाळीस वर्षे राबूनही ते तेथे पाहुणेच ठरले.

उद्याचा विचार

तेल आज ना उद्या संपणार, किंवा त्याची मागणी तरी घटणार, याची जाणीव कुवेतला लवकर झाली. स्वातंत्र्यापूर्वीच, १९५३ मध्ये तेलाचा शिल्लक पैसा गुंतवण्यासाठी लंडनला मंडळ नेमले गेले. १९७६ मध्ये तर पुढील पिढ्यांसाठी वेगळा निधी स्थापून उत्पन्नाचा दहा टक्के हिस्सा त्यात टाकण्याचा कायदा केला. परागंदा असलेले सरकार १९९०-९१ मध्ये या परदेशी गुंतवणुकीवरच तगले. बचतीचे महत्त्व याहून ठळकपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

तरीही सरकारी उत्पन्नाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा तेलाचाच राहिला आहे. सुमारे १०० अब्ज पिंपांचा साठा अजून भूगर्भात असल्याचे मानले जाते. त्यामुळे दुसरे उद्योग उभारण्याची निकड बोलण्यात दिसते, कृतीत कमी. पिण्याचे पाणी तेल आणि वायू जाळून मिळते. अन्न जहाजांनी येते, श्रम विमानांनी येतात.

कुवेतकडे पाहून हेवा करणे सोपे आहे आणि नाके मुरडणेही सोपे आहे. भूगोलाच्या विद्यार्थ्याने दोन्ही टाळावे. निसर्गाने ज्यांना थेंबभर गोडे पाणी दिले नाही, त्यांनी समुद्र, व्यापार आणि नंतर तेल यांच्या बळावर देश उभारला, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण त्या देशाच्या उभारणीत आपल्या गावांतील माणसांचाही घाम आहे. म्हणून तेथील कामगाराच्या खोलीची, कराराची आणि सुरक्षिततेची चौकशी करणे हा आपलाही हक्क आहे. पुढच्या वेळी कोणी ‘आखातात गेला’ असे सांगितले, तर पगार किती हे विचारण्याआधी एवढे तरी विचारावे : करारावर काय लिहिले आहे, आणि जाण्यासाठी कर्ज किती काढले?