'द्राक्षाची वेल' नावाचे मासिक

दारू सोडणे एक वेळ सोपे. सोडलेली पुन्हा न धरणे कठीण. पोळ्याला शपथ घ्यायची आणि दिवाळीला मोडायची, असे आपण पाहतोच. असे का होते? एक कारण असे, की माणूस एकटा पडतो. हा एकटेपणा घालविण्यासाठी एक मासिक निघाले. त्याची ही हकीकत.

अमेरिकेत ॲक्रन नावाचे शहर आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचे गृहस्थ तिथे धंद्याच्या कामासाठी आले होते. पाच महिने त्यांनी दारूला शिवले नव्हते. पण काम फसले. मन दारूकडे ओढू लागले. तेव्हा त्यांनी काय केले? आपल्यासारखाच दारूने गांजलेला माणूस शोधला. ते होते डॉक्टर बॉब स्मिथ. दोघे तासन्‌तास बोलत बसले. पुढे डॉक्टरांचीही दारू सुटली. दुःख मोकळेपणी सांगितले की बळ येते, हे दोघांना उमगले. यातूनच 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' हा संघ उभा राहिला. आपले नाव बाहेर न फोडता एकमेकांना सावरायचे, अशी त्याची रीत.

बैठक भरते तिथे आधार मिळतो. पण जिथे बैठकच नाही, तिथे काय? दुसरे महायुद्ध चालू होते. काही सभासद सैन्यात, दूर देशी गेले होते. जून १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या सहा सभासदांनी आठ पानांचे पत्र काढले. नाव ठेवले 'ग्रेपव्हाइन', म्हणजे द्राक्षाची वेल. कानोकानी बातमी पसरते, तिलाही इंग्रजीत हाच शब्द आहे. गंमत बघा, द्राक्षाची दारू होते, आणि ही वेल दारूतून सुटायला हात देत होती!

सभासदच त्यात लिहीत. मी कसा पडलो, कसा उठलो, हे सांगत. पूर्ण नाव छापीत नसत, म्हणून लाज आड येत नसे. दूरचा शिपाई ते वाची आणि त्याला वाटे, मी एकटा नाही. त्याला लोक 'छापील बैठक' म्हणू लागले.

१९४६ साली बिल यांनी याच मासिकात संघासाठी बारा नियम मांडले. बाहेरच्यांचा पैसा घ्यायचा नाही, राजकारणात पडायचे नाही, असे ते नियम. १९५० साली सभासदांनी ते मान्य केले. १९९६ साली मासिकाची स्पॅनिश भाषेतली बहीणही निघाली.

तुमच्या ओळखीत कुणी दारूशी झगडत असेल, तर त्याला हिणवू नका. फार दिवसांची दारू एकदम तोडली तर जिवावर बेतू शकते, म्हणून त्याला आधी डॉक्टरकडे न्या. मग त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐका. तो दूर असेल तर दोन ओळी लिहा. आता तुम्हाला लिहिता येते ना!