घडीघडी पिणारे बाळ आणि अंगावरचे दूध

पहिल्या बाळंतपणासाठी मुलीने माहेरी यावे ही रीत बुलढाणा जिल्ह्यात आजही पाळली जाते, आणि सव्वा महिन्याच्या त्या काळात बाळंतिणीच्या खाण्यापिण्याइतकीच एका प्रश्नाची चर्चा घरात चालते, तो म्हणजे आत्ताच पाजलेले बाळ तासाभरात पुन्हा तोंड हलवू लागते त्याअर्थी आईचे दूध त्याला पुरत नसावे काय. बहुतेक घरांत वडीलधाऱ्यांची शंका हेच उत्तर समजले जाते आणि गाईचे किंवा डब्याचे दूध, म्हणजेच ‘वरचे दूध’, सुरू होते. वारंवार पिणे हा नवजात बाळाचा स्वभावधर्म आहे आणि आईच्या अंगावर दूध वाढते तेही त्यामुळेच, ही गोष्ट लक्षात घेतली तर अशी घाई बहुधा टळू शकते.

नवजात बाळ चोवीस तासांत साधारणपणे 8 ते 12 वेळा पिते, आणि त्यात रात्रीच्या वेळाही धरलेल्या असतात. त्याचे जठर लहान असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा चीक, म्हणजे रोगप्रतिकारक घटकांनी भरलेले पिवळसर घट्ट दूध, थोडाच असतो आणि तेवढाच त्याला पुरतो. पुढे येणारे दूधही पातळ व पचायला हलके असते. गाईच्या दुधात प्रथिने तीन टक्क्यांहून अधिक असतात, तर मानवी दुधात ती जेमतेम एक टक्का असतात. वासराचे वजन दीड-दोन महिन्यांत दुप्पट होते, मानवी बाळाला त्यासाठी चार-पाच महिने लागतात, आणि या संथ वाढीला साजेसे दूध लवकर पचत असल्याने बाळाला पुन्हा पुन्हा भूक लागते.

दूध तयार होण्याची रीतही याच सवयीवर उभी आहे. बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूतील पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके, म्हणजे रक्तातून निरोप पोहोचवणारी द्रव्ये, स्रवतात. त्यांपैकी प्रोलॅक्टिन दूध तयार करवते आणि ऑक्सिटोसिन ते बाहेर आणते. या दुसऱ्या क्रियेलाच मराठीत पान्हा फुटणे म्हणतात. प्रोलॅक्टिनचे प्रमाण रात्री अधिक असल्यामुळे रात्रीचे पाजणे विशेष मोलाचे ठरते. याउलट स्तनात दूध साचून राहिले तर निर्मितीचा वेग मंदावतो. सडात दूध राहिले की जनावर लवकर आटते, हा गोठ्यातला अनुभव याच नियमाचा दाखला आहे. वरच्या दुधाची वाटी दिली की बाळ तेवढे कमी ओढते, कमी ओढल्याने दूध कमी तयार होते, आणि सुरुवातीला निराधार असलेली शंका काही दिवसांत खरी ठरते.

संध्याकाळी दोन-तीन तास बाळ थोड्या थोड्या वेळाने सतत पीत राहते, तसेच दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास त्याची मागणी एकाएकी वाढते. यांतला सहावा आठवडा सव्वा महिना संपण्याच्या वेळेशी जुळतो, म्हणजे बाळंतीण घरकामाला लागते आणि तिची विश्रांती कमी होते त्याच दिवसांत बाळ अधिक मागू लागते. मागणी वाढण्याचे हे दिवस बहुधा थोडेच असतात. त्या काळात मागेल तितके पाजले तर दूधही त्या प्रमाणात वाढते.

दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरत नाही. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते, परंतु ते दोन आठवड्यांच्या आत जन्मवजनाला परत यावे, पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला किमान सहा वेळा लघवी व्हावी आणि पिताना गिळल्याचा आवाज यावा, ही खरी मोजमापे होत. त्यासाठी आशा कार्यकर्ती 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येऊन बाळाला तपासते व वजन करते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने विदर्भातल्याच गडचिरोलीत ही घरोघरी नवजात बालसेवेची पद्धत प्रथम उभी केली आणि 2011 पासून ती देशभर स्वीकारली गेली.

जिल्ह्यातील हवामान आणि शेती यांचाही येथे विचार करावा लागतो. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे गेला की बाळाला पाणी पाजण्याचा मोह होतो. परंतु आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असल्याने पहिले सहा महिने वेगळ्या पाण्याची गरज नसते, आणि पाण्याने पोट भरले तर दूध कमी प्यायले जाते. सोयाबीनची सोंगणी आणि कापूस वेचणी यांच्या हंगामात मात्र मजूर स्त्रीला दिवसभर शेतात राहावे लागते. कायद्याने 2017 पासून मिळणारी 26 आठवड्यांची पगारी रजा तिच्या वाट्याला येत नाही, त्यामुळे बाळाला शेताच्या बांधावर सोबत नेणे किंवा तिला मध्ये घरी येऊ देणे, हे घरच्यांनी आणि शेतमालकानेच जमवावे लागते.

वारंवार पिण्याहून काळजी करण्याजोगे बाळ ते, जे पिण्यासाठी जागेच होत नाही, सुस्त पडून राहते, पिवळे दिसते किंवा ज्याची लघवी कमी होते. त्याला विलंब न लावता दवाखान्यात न्यावे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला तर दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावे लागते. बाकीच्या घरांनी वरच्या दुधाची वाटी हाती घेण्यापूर्वी बाळ दिवसातून किती वेळा लघवी करते ते मोजावे, आणि माता-बाल संरक्षण कार्डावरील वजनाची नोंद आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवावी.