शाळेच्या जुन्या फोटोत आपले कोण कोण?

मालेगाव तालुक्यातील आमच्या एका सभासदाच्या घरी पत्र्याच्या पेटीत शाळेचा एक जुना फोटो निघाला. मातीच्या भिंतीची शाळा, पुढे मांडी घालून बसलेली लहान पोरं, मधोमध खुर्चीवर मास्तर, मागे मोठे विद्यार्थी उभे. बहुतेकांचे पाय अनवाणी. एकाचा चेहरा पुसट आला आहे. फोटोवाल्याने "हलू नका" म्हटले आणि हा नेमका हलला असणार. मागच्या बाजूस मात्र एक अक्षर नाही.

साल काढायला पुढच्या पोराच्या हातातली पाटी कामी आली. तिच्यावर 'जिल्हा अकोला' असे आहे. वाशीम पूर्वी वेगळा जिल्हा होता. १९०५ साली तो अकोल्यात मिळवला गेला आणि १ जुलै १९९८ पासून पुन्हा वेगळा झाला. म्हणजे फोटो या दोहोंच्या मधला. शिवाय पाटीवर 'जिल्हा परिषद शाळा' असे नाही. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या; तेव्हा फोटो त्याआधीचा असावा, असा आमचा अंदाज आहे. सभासदांनी आपल्या घरच्या फोटोंनाही ही कसोटी लावून पाहावी.

पण सालापेक्षा नावे मोलाची. असा फोटो गावातल्या जुन्या माणसाच्या हाती द्या. चष्मा सावरून ते बोट ठेवतील, "हा आपला धाकला काका. चवथीनंतर ढोरामागं गेला, मंग शाळा कायची बाप्पा!" हे सांगणारे आहेत तोवर लिहून घ्यावे. नावे मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावीत, शाईने नको. ओल्या फडक्याने फोटो पुसू नये. काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नये. मोबाइलवर त्याची एक प्रत घेऊन ठेवावी.

आमच्या या फोटोत मुली दोनच आहेत. त्या दिवशी ढोरं वळायला गेलेली पोरं तर त्यात नाहीतच. आज मुली शाळेत दिसतात, हे समाधान आहे. पण ऊसतोडणीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात, तेव्हा शाळेचे वर्ष निम्मेच झालेले असते, आणि कित्येक पोरं आईबापांबरोबर गाडीत बसतात. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. मूल गावीच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहाची शासकीय योजनाही आहे. टोळी निघण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून तिची चौकशी करावी. तोडणी आपल्याच उसाची असते. म्हणून ही आठवण करून देणे सभासदांचेही काम आहे.

ज्यांच्याकडे असे फोटो असतील त्यांनी ते नावांसह आपल्या गट ऑफिसात दाखवावेत. पाहून लगेच परत करू.